‘साथ आली’ आणि ‘साथ आणली’ : रोगप्रसाराच्या मराठी भाषेची चिकित्सा

१

रोगाविषयी बोलताना मराठी भाषा बहुधा गतिवाचक क्रियापदांचा आश्रय करते. ‘त्याला ताप आला’, ‘मुलीला गोवर आला’, ‘गावात पटकी आली’, ‘साथ गेली’ ही वाक्ये नित्याच्या बोलण्यातील आहेत. त्यांच्या घडणीकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. या वाक्यांत माणूस कर्ता नाही. कर्तृत्व रोगाकडे आहे. माणूस चतुर्थीत किंवा गाव सप्तमीत, म्हणजे रोग जेथे येऊन उतरतो ते मुक्कामाचे ठिकाण या नात्याने, वाक्यात उभा आहे. प्रवासी आहे तो रोग.

‘साथ’ या शब्दाची कहाणीही याच दिशेने नेते. सोबत या अर्थाचा ‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ या शब्दापासून आला आहे, आणि ‘सार्थ’ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा. चतुर्थ, चउत्थ, चौथा या क्रमाने जसा बदल झाला, तसाच सार्थ, सत्थ, साथ असा हा बदल आहे. तांड्याच्या नायकाला ‘सार्थवाह’ म्हणत. हिंदीत सोबतीचा वाचक ‘साथ’ पुल्लिंगी आहे; मराठीत सोबतीची ‘साथ’ आणि रोगाची ‘साथ’ या दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. गवयाला साथ दिली जाते आणि गावात साथ येते. हे दोन अर्थ एकाच मुळापासून फुटले असे मानण्यास अर्थविचाराच्या दृष्टीने अडचण नाही. अनेकांनी एका वेळी, एका वाटेने जाणे ही मूळ कल्पना दोहोंच्या तळाशी आहे. एकट्यादुकट्याचे दुखणे ही साथ नव्हे. जे दुखणे पुष्कळांबरोबर चालते, ती साथ.

तात्पर्य, माणसांची ये-जा आणि रोगाचा प्रसार यांचा संबंध मराठी भाषेला रोगजंतुशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होता असे म्हणावे लागते. परंतु या ज्ञानाची भाषेत जी वाक्यरूपे झाली, ती सगळी सारखी निरुपद्रवी नाहीत. ‘साथ आली’ याच्या शेजारी ‘साथ आणली’ हे दुसरे वाक्यरूप उभे आहे. ‘येणे’ आणि ‘आणणे’ यांचा संबंध ‘जाणे’ आणि ‘नेणे’ यांच्या संबंधासारखाच आहे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. पहिल्यात गती आहे, दुसऱ्यात ती गती देणारा कर्ताही आहे. ‘साथ आली’ या वाक्याला ‘कोठून’ असा प्रश्न विचारता येतो. ‘साथ आणली’ या वाक्याला ‘कोणी’ हाच प्रश्न विचारावा लागतो. एका प्रश्नाचे उत्तर भूगोलात सापडते, दुसऱ्याचे उत्तर शेजाऱ्याच्या घरात शोधले जाते. प्लेग, पटकी, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा करोना या चार साथींच्या भाषेत हे स्थित्यंतर कसे घडले आणि ते वस्तुस्थितीला कितपत धरून होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

या चिकित्सेसाठी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. (लोणावळ्याशेजारच्या घाटमाथ्यावरील खंडाळ्याशी त्याचा घोटाळा होऊ नये.) उत्तरेस नीरा नदी आणि दक्षिणेस खंबाटकीचा घाट यांच्या मध्ये हा मुलूख पसरला आहे. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, घाट उतरला की वाई. पुण्याहून साताऱ्यास आणि पुढे कोल्हापूर-बंगळूरकडे जाणारा हमरस्ता शिरवळ व खंडाळा या गावांवरून जातो. तालुक्याच्या पूर्वेकडील लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक असून तेथील कांद्याची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि तिचा मुक्काम लोणंदला पडतो. अलीकडे शिरवळ व खंडाळा परिसरात उद्योगवसाहती वाढल्या असून परप्रांतीय कामगारांची वस्तीही झाली आहे.

हमरस्ता, लोहमार्ग, वारी आणि मजुरीचा मार्ग अशा चार वाटा या लहानशा तालुक्यातून जातात. यांपैकी प्रत्येक वाटेवर कोणत्या ना कोणत्या साथीचा आरोप आलेला आहे. मात्र चारही वाटांवर आरोपाचे वजन सारखे पडलेले नाही. ते कोठे अधिक पडले आणि का, हे पाहणे हा चिकित्सेचा गाभा आहे.

३

प्रथम प्लेगचा विचार करू. हाँगकाँगमध्ये १८९४ साली येर्सिनने प्लेगचा जंतू ओळखला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. मुंबईची वस्ती त्या वेळी आठ लाखांच्या वर होती. पुढील काही महिन्यांत तिच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले असे त्या काळचे अंदाज आहेत. गिरण्यांतून काम करणारा सातारा-रत्नागिरीकडचा मजूर आपापल्या गावाकडे निघाला. पुण्यात प्लेग पोहोचला. सातारा जिल्हाही त्यातून सुटला नाही.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. रेल्वेने व अन्य मार्गांनी प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे यांचे अधिकार त्याने सरकारला दिले. स्थानकांवर उतारूंना उतरवून जांघेत वा काखेत गाठ आहे की काय हे चाचपून पाहण्यात येऊ लागले. पुण्यातील घरझडत्यांचा आणि रँडच्या खुनाचा (२२ जून १८९७) इतिहास सर्वपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. येथे प्रस्तुत आहे ती या कायद्यामागची भाषिक समजूत. ‘प्लेग माणसे आणतात’ असे एक वाक्य त्या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी होते. म्हणून माणूस तपासावा, माणूस अडवावा, माणूस वेगळा करावा.

हे वाक्य कितपत खरे होते? १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने उंदराच्या अंगावरील पिसू हे प्लेगचे वाहन असल्याचे प्रयोगाने दाखविले. प्रथम हे मत मान्य झाले नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग-संशोधन आयोगाने केलेल्या कामाने ते पक्के झाले. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे स्पर्शाने सहसा जात नाही. तो उंदराबरोबर, आणि पिसू दडून राहील अशा धान्याच्या पोत्यांबरोबर, कपड्यालत्त्यांबरोबर जातो. फुप्फुसाचा प्लेग माणसाच्या श्वासातून पसरतो हे खरे; परंतु भारतातील साथीत प्राबल्य होते ते गाठीच्या प्लेगचे. याचा अर्थ असा की, लोहमार्गाने प्लेग पसरला हे विधान बरोबर आहे. परंतु तो उतारूंच्या डब्यातून जितका गेला असेल, तितकाच मालाच्या डब्यातूनही गेला असला पाहिजे. उतारूची गाठ चाचपून पाहिली जात होती. पोते मात्र पेठेत बिनबोभाट उतरत होते. व्यापार थांबविणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. गरीब उतारूला थांबविणे सोपे होते.

येथे लोकभाषेतील एका वाक्प्रयोगाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘उंदीर पडू लागले’ हे वाक्य महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत प्लेगच्या आगमनाची खूण म्हणून रूढ झाले. उंदीर पडले की गाव उठत असे. लोक घरे सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहात. या वाक्यात आगमन आहे, पण आणणारा नाही. एवढेच नव्हे, तर रोगाचे खरे ठिकाण घर आहे, माणूस नव्हे, हेही त्यात अभिप्रेत आहे. प्रयोगशाळेतून जे सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली, त्याच्या अर्ध्या वाटेवर हा लोकप्रयोग निरीक्षणाच्या बळावर पोहोचला होता. ‘गाव उठणे’ ही देखील माणसांची हालचालच होती. ती रोग पसरविणारी नसून रोगापासून वाचविणारी होती. ‘लोकांच्या हालचालीमुळे रोग पसरतो’ असे सरसकट विधान करणाऱ्याने या हालचालीचा हिशेब द्यावयास हवा.

४

पटकीचे प्रकरण याहून निराळे आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी यांचे नाते आरोग्याधिकाऱ्यांच्या लेखनातून वारंवार जोडले गेले. १८६५ च्या साथीत मक्केच्या यात्रेचा संबंध आढळल्यानंतर दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टंटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि यात्रेकरू हा जगभरच्या आरोग्यखात्यांच्या संशयाचा विषय झाला. पंढरपूरची वारीही या दृष्टीतून सुटली नाही. विसाव्या शतकात वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती होत असे.

वारीच्या मार्गावर पटकी होत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली आणि कोखने १८८४ साली कलकत्त्यात जे दाखविले, त्याचा निष्कर्ष असा की, पटकी पायांनी जात नाही, पाण्याने जाते. वारकरी चालतो म्हणून पटकी होत नाही. हजारो माणसे एका मुक्कामी उतरतात, आणि तेथे पिण्याचे पाणी व शौचाचे ठिकाण यांची निगा नसते, म्हणून ती होते. गतीइतकाच, किंबहुना गतीहून अधिक, येथे मुक्काम महत्त्वाचा आहे. ‘वारकऱ्यांनी पटकी आणली’ आणि ‘मुक्कामाच्या पाण्यात पटकी होती’ या दोन वाक्यांतून निघणारे उपायही दोन प्रकारचे आहेत. पहिल्यातून वारी रोखण्याचा उपाय निघतो, दुसऱ्यातून विहिरीची निगा राखण्याचा. वारी अद्याप चालू आहे, लोणंदचा मुक्काम चालू आहे, आणि मुक्कामाच्या पाण्याची व्यवस्था सुधारल्यावर पटकीचे पूर्वीचे भय राहिलेले नाही. कोणते वाक्य खरे होते, याचा निर्णय यातच झालेला आहे.

पटकीसंबंधीच्या लोकाचारातही गतीची एक पद्धतशीर कल्पना आढळते. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे पोहोचविण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. देवीची प्रतिमा व नैवेद्य गाड्यात घालून तो वाजतगाजत शिवेवर नेत. पुढील गावाने तो आपल्या शिवेपलीकडे न्यावा अशी अपेक्षा असे. हा आचार अंधश्रद्धेचा म्हणून सोडून देण्याची घाई करू नये. त्यात रोगप्रसाराचा एक पुरा सिद्धान्त गोवलेला आहे : रोग गावोगाव जातो, वाटेने जातो, आणि शीव ही त्याची मोजणी आहे. सिद्धान्तातील दोष असा की, आपल्या गावचा रोग जाणे म्हणजेच पुढच्या गावाला तो येणे. आपल्या ‘जाणे’ या क्रियेने दुसऱ्याचे ‘येणे’ घडते, याची जाणीव त्या आचाराला होती की नव्हती, हे सांगता येत नाही. गाडा स्वीकारण्यावरून दोन गावांत तंटे होण्याचा संभव मात्र उघड आहे. शीव राखण्याच्या या वृत्तीचे पुढील रूप २०२० साली पुन्हा दिसले.

५

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव पडले. नाव रोगाच्या लक्षणावरून पडले आहे. त्यात कोणत्याही देशाचा, जातीचा वा गावाचा निर्देश नाही. हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण त्याच रोगाला युरोपात ‘स्पॅनिश’ म्हणून संबोधले गेले आणि स्पेनवर नाहक आळ आला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या बंदरभागात रोग दिसला. महायुद्धातील जहाजांच्या वाहतुकीशी त्याचा संबंध होता. सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसरी लाट लोहमार्गांनी देशभर पसरली. हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्यांची संख्या एक कोटीहून अधिक होती. १९११ ते १९२१ हे दशक देशाची लोकसंख्या घटल्याचे जनगणनेतील एकमेव दशक ठरले.

श्वासातून जाणारा रोग हा माणसांच्या ये-जा करण्यावर सर्वांत अधिक अवलंबून असतो. येथे ‘माणसे रोग नेतात’ हे विधान प्लेग वा पटकीपेक्षा पुष्कळ अधिक खरे आहे. तथापि ‘मानमोडी आली’ एवढेच म्हटल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते. लष्कराच्या तुकड्या जगभर हलविण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, ते या वाक्यात कोठेच नाहीत. अकर्मक क्रियापद गरिबाला दोषमुक्त करते, तसेच सत्ताधाऱ्यालाही करते. म्हणून ‘आली’ हे रूप नेहमीच न्याय्य आणि ‘आणली’ हे नेहमीच अन्याय्य, असा ढोबळ निष्कर्ष काढता येणार नाही. आणणारा असेल, तर त्याचा निर्देश झालाच पाहिजे. तो निर्देश ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्यापर्यंत पोहोचतो की ज्याच्या डोक्यावर बोचके होते त्याच्यापाशीच थांबतो, एवढेच पाहावयाचे असते.

२०२० च्या साथीत हा प्रश्न अत्यंत तीव्रतेने उभा राहिला. मार्च महिन्यात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. नीरेवरचा पूल ही पुन्हा एकदा सरहद्द झाली. या काळात मराठीत जी परिभाषा रूढ झाली, तिच्यातील काही शब्दांची परीक्षा करणे उद्बोधक ठरेल.

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीला नवा नव्हता. गिरणी-कारखान्यांच्या व्यवहारात मालकाने कारखान्याला टाळे ठोकून कामगारांना बाहेर ठेवणे, असा त्याचा निश्चित अर्थ होता. २०२० साली त्याचा अर्थ सर्वांनी आत राहणे असा झाला. अर्थ उलटा झाला असे वरवर वाटते. परंतु मजुराच्या बाजूने पाहता त्याचा पूर्वीचा अर्थ तसाच राहिला होता. काम बंद झाले होते आणि तो बाहेर पडला होता.

‘घरी राहा’ ही सूचनाही अशीच तपासली पाहिजे. सातारा जिल्ह्यातून मुंबईस गेलेल्या माथाड्याच्या वा गिरणीकामगाराच्या बोलण्यात ‘घर’ आणि ‘खोली’ यांत भेद असतो. खोली मुंबईत असते, घर गावाला असते. तेव्हा ‘घरी राहा’ हा आदेश त्याच्या भाषेत ‘घरी जा’ असाच होतो. तो निघाला तेव्हा कायद्याच्या भाषेत तो ‘विनाकारण संचार’ करीत होता; त्याच्या स्वतःच्या भाषेत तो घरी जात होता. आदेश देणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या शब्दकोशांत एका शब्दाचे दोन अर्थ असले, की अवज्ञा आणि आज्ञापालन यांतील सीमा पुसली जाते. पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या एक लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी एप्रिल २०२० च्या मध्यास मिळाली. त्यांना घरी पाठवावे लागेल, हे टाळेबंदी ठरविताना लक्षात आले नव्हते. त्यांच्या झोपड्यांना आदेशाच्या भाषेत ‘घर’ मानले गेले होते.

‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ या दोन संज्ञांचा हेतू चांगला होता. रोगी माणसाला निराळे ठेवणे आणि रोगी असण्याचा केवळ संशय असलेल्यास निराळे ठेवणे, हे दोन व्यवहार भिन्न आहेत. परंतु ‘वि’ आणि ‘अ’ या एकेका अक्षरावर एवढा भेद टांगून ठेवल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, आणि संशयित व रोगी यांतील भेद लोकांच्या मनातून नाहीसा झाला. बोलीने दोन्ही संज्ञा बाजूस सारून ‘क्वारंटाइन’ हाच शब्द घेतला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चाळीस दिवस असा आहे. बंदरात आलेल्या जहाजाने चाळीस दिवस थांबावे, हा मध्ययुगीन नियम जहाजाच्या मालकालाही बांधीत असे. २०२० साली हातावर शिक्का बसला तो माणसाच्या.

‘सामाजिक अंतर’ या प्रयोगाविषयी अधिक गंभीर आक्षेप घेणे भाग आहे. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांना अंतरावर ठेवले, त्या समाजाच्या भाषेत या शब्दयोजनेचा अर्थ कोरा राहू शकत नाही. अभिप्रेत होते ते दोन शरीरांमधील अंतर. म्हणून ‘शारीरिक अंतर’ हीच योग्य संज्ञा होती. ‘संसर्ग’ या जुन्या शब्दाचीही अशीच पार्श्वभूमी आहे. धर्मशास्त्राच्या पंचमहापातकांत पहिली चार पातके करणाऱ्यांचा संसर्ग हे पाचवे पातक होय. वैद्यकाने शब्द घेतला तेव्हा त्याला चिकटलेली पापाची कल्पना पुरती धुऊन निघाली नाही. म्हणूनच संसर्ग झालेल्या माणसाची विचारपूस होण्याआधी त्याची चौकशी होते. ‘कोठे गेला होता?’ हा प्रश्न वैद्याच्या तोंडी निदानाचा असतो. तोच गावाच्या तोंडी आरोपाचा होतो.

२०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अनेक गावांनी आपले रस्ते दगड-काट्यांनी अडविले. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना शाळांतून ठेवण्यात आले. वर्षानुवर्षे ज्यांच्या मनिऑर्डरींवर घरे चालली, जत्रेच्या वर्गणीत ज्यांची नावे आघाडीवर असत, ते ‘मुंबईकर’ एकाएकी ‘बाहेरून आलेले’ झाले. भीती निराधार नव्हती. खेड्यातील दवाखान्यांची अवस्था पाहता शीव राखण्यावाचून गावाच्या हाती दुसरे साधन नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु रोग विमानाने देशात आला, आणि तो ‘आणल्या’चा ठपका मात्र बोचके घेऊन पायी निघालेल्यांवर अधिक बसला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ (सप्टेंबर २०२०) आणि ‘मी जबाबदार’ (फेब्रुवारी २०२१) या शासकीय घोषणांत कर्ता पुन्हा एकटा माणूस आहे. व्यक्तीने काळजी घेणे अवश्यच होते. तथापि जबाबदारीच्या वाक्यात प्रथमपुरुषी एकवचन आले, की शासन, मालक आणि मुकादम हे तिन्ही त्या वाक्यातून बाहेर पडतात, हा व्याकरणाचा नियम आहे.

वारीच्या बाबतीत मात्र या काळात समंजसपणाचा एक आदर्श घडला. ३० जून २०२० रोजी माउलींच्या पादुका मोजक्या मंडळींसह बसने पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही पायी वारी झाली नाही. लोणंदचा तळ दोन वर्षे रिकामा राहिला. वारकरी संप्रदायाने ही गोष्ट बहुतांशी शांतपणे स्वीकारली आणि २०२२ साली पायी वारी पूर्ववत झाली. पटकीच्या काळी वारीवर ठेवलेला ठपका आणि या वेळी वारीने स्वतः घेतलेली माघार यांतील अंतर विचार करण्यासारखे आहे. श्वासाने जाणाऱ्या रोगापुढे मुक्कामाची व्यवस्था पुरेशी नव्हती. गती थांबविणेच योग्य होते, आणि ती थांबविली गेली. रोगाचे वाहन ओळखून केलेली बंदी लोक मान्य करतात, ही गोष्ट यावरून दिसून येते.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे दिसते की, ‘माणसांच्या हालचालीने रोग पसरतो’ हे एकच विधान तीन भिन्न वस्तुस्थितींवर पांघरलेले आहे. प्लेगमध्ये माल आणि उंदीर, पटकीत मुक्काम आणि पाणी, इन्फ्लुएन्झा व करोना यांत श्वास आणि गर्दी. तिन्हींत हालचाल आहे. परंतु हलणारी वस्तू निराळी आहे. भाषा मात्र तिन्ही ठिकाणी माणसाकडे, आणि त्यातही दुबळ्या माणसाकडे, बोट दाखविते.

या ठिकाणी खंडाळा तालुक्यातीलच एका नावाचा विचार न करता हे प्रकरण संपविणे योग्य होणार नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी या तालुक्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली विवाहानंतर त्या पुण्यास आल्या. त्यांची जोतीरावांना लिहिलेली जी पत्रे उपलब्ध आहेत, त्यांपैकी १८५६ चे पत्र नायगावहून लिहिलेले आहे. आजारपणात त्या विश्रांतीसाठी माहेरी आल्या होत्या. दुखणेकऱ्याने गावी यावे, माहेरच्या माणसांनी त्याची शुश्रूषा करावी, हा त्या काळचा सहज व्यवहार होता. आजारी माणसाचे गावी येणे हे ‘रोग आणणे’ न ठरता ‘बरे होण्यास येणे’ ठरत असे. रोग स्पर्शजन्य नसेल तेव्हा आजही तेच घडते. परंतु २०२० साली शिवेवर थांबविलेल्यांत निरोगी माणसेच बहुसंख्य होती, हे विसरता येत नाही.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग असता सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक ससाणे यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले, आणि त्यातच त्यांना रोग जडला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्यांचे सत्र सुरू झाले तेही याच महिन्यात.

चरित्रग्रंथांतून आणि पाठ्यपुस्तकांतून या प्रसंगाची सांगता बहुधा ‘प्लेगची लागण होऊन निधन झाले’ अशा वाक्याने होते. वाक्य चूक नाही. पण त्यात जी क्रिया उरली, ती रोगाची; सावित्रीबाईंची क्रिया त्यातून गळाली. त्या प्रसंगातील मुख्य क्रियापद ‘नेणे’ हे आहे. त्यांनी मुलाला नेले. ज्या महिन्यात सरकार माणसांना रोगाची वाहने समजून अडवीत होते, त्याच महिन्यात एका सहासष्ट वर्षांच्या स्त्रीने एका रोगी मुलाचे वाहन होणे पत्करले. जातीचे अंतर आणि रोगाचे अंतर ही दोन्ही त्या चालण्यात ओलांडली गेली. हीसुद्धा साथीच्या काळातील माणसांची हालचालच होती. ती नसती तर तो मुलगा मुंढव्यातच पडून राहिला असता. तो पुढे वाचला असेही चरित्रकार सांगतात.

साथींच्या इतिहासलेखनात येणारे, आणणारे आणि पळून जाणारे यांची नोंद विपुल आहे. नेणाऱ्यांची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे. १८९७ साली रोग्याला खाटेवर घालून नेणारे होते, १९१८ साली प्रेते वाहून नेणारे होते, २०२० साली रुग्णवाहिकांचे चालक होते, आशा सेविका होत्या, आणि परतणाऱ्यांना वाटेत भाकरी-पाणी देणारी महामार्गावरची गावे होती. मराठीतील साथविषयक साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्यापुढील प्रत्येक मजकुरास प्रथम व्याकरणाचा साधा प्रश्न विचारावा : या वाक्यात कर्ता कोण आहे, आणि कोणाला कर्ता होऊ दिलेले नाही? स्मरणग्रंथ, कादंबरी, वृत्तपत्रातील बातमी, ग्रामपंचायतीचा ठराव, शासनाचे परिपत्रक या सर्वांस हा प्रश्न सारखाच लागू आहे. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे रोगाची वाट तर कळेलच. त्या वाटेवर कोणाला अडविले, कोणाला जाऊ दिले आणि कोणी कोणाला उचलून नेले, हेही कळेल.